मतदारसंघाची माहिती शिळी कशी होते?

२०२३ च्या सप्टेंबरात जिल्ह्यांच्या नावबदलाची बातमी आली आणि मी उत्साहानं आमचा तक्ता उघडला. आमची संस्था छोटी. दरवर्षी एक माहितीपुस्तिका काढतो: कोणता मतदारसंघ, त्यात कोणता भाग, आमदार कोण, खासदार कोण, मागच्या निवडणुकांत काय झालं. या सगळ्याचा एक्सेलमधला तक्ता माझ्याकडे असतो. 'शोधा आणि बदला'ची खिडकी उघडली, 'औरंगाबाद'च्या जागी 'छत्रपती संभाजीनगर' आणि 'उस्मानाबाद'च्या जागी 'धाराशिव' टाकलं, 'सर्व बदला' दाबलं. दोन सेकंदांत काम फत्ते. चहाला गेलो.

आठवड्यानं एका सहकाऱ्याचा फोन. "अहो, बिहारमध्ये संभाजीनगर कधी झालं?"

तक्त्यात देशभरचे लोकसभा मतदारसंघही होते, आणि बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा लोकसभा मतदारसंघ आहे. ही चूक हसण्यावारी गेली. पण तिच्या पाठोपाठ दोन जास्त वाईट चुका निघाल्या. पहिली म्हणजे, महाराष्ट्रात जिल्ह्यांची नावं बदलली होती, मतदारसंघांची नव्हे. पुढं २०२४ ची लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका 'औरंगाबाद' आणि 'उस्मानाबाद' याच नावांनी झाल्या. १०७ औरंगाबाद मध्य, १०८ औरंगाबाद पश्चिम, १०९ औरंगाबाद पूर्व. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, मतदारसंघ औरंगाबाद. विचित्र वाटेल, पण सध्या खरं तेच आहे. दुसरी चूक म्हणजे १९९९ आणि २००४ च्या निकालांतही मी नवी नावं घुसवली होती, म्हणजे त्या वेळी कुणीही न लढवलेल्या मतदारसंघांचे निकाल आमच्याकडे तयार झाले होते.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. कुणाला हा कारकुनी प्रश्न वाटेल. पण आपल्या पत्त्यावरून आपला आमदार शोधणारा माणूस, निकालांची तुलना करणारा पत्रकार, नकाशा रंगवणारा विद्यार्थी, हे सगळे अशाच कुणीतरी सांभाळलेल्या तक्त्यावर उभे असतात.

मुळात मतदारसंघ म्हणजे काय, इथून सुरू करू. आपल्या डोळ्यांसमोर नकाशावरचा रंगीत तुकडा येतो. कायद्याच्या लेखी मात्र मतदारसंघ म्हणजे एका आदेशातली काही वाक्यं. हा आदेश परिसीमन आयोग काढतो. वर्तमानपत्रांत याला 'मतदारसंघांची पुनर्रचना' म्हणतात. सध्या महाराष्ट्रात लागू असलेली रचना न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगानं केली, २००१ च्या जनगणनेच्या आधारे, आणि ती २००८ मध्ये अमलात आली. त्याआधीची रचना १९७६ च्या आदेशाची, १९७१ च्या जनगणनेवर बेतलेली. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ आपण एकाच आखणीवर मतदान करत होतो.

आदेशातली वाक्यं कशी असतात? समजा, एखाद्या मतदारसंघात एक तालुका पूर्ण आणि शेजारच्या तालुक्याचा काही भाग आहे. मग तिथं लिहिलेलं असतं: अमुक तालुका, तमुक तालुका (भाग), त्यातली अमुक महसूल मंडळं, अमुक सजा. सजा म्हणजे एका तलाठ्याच्या हाताखालचा गावांचा गट. शहरात महानगरपालिकेचे वॉर्ड क्रमांक येतात. अक्षांश-रेखांश कुठंच नसतात. भिंतीवर टांगलेले आणि मोबाइलवर दिसणारे नकाशे हे या वाक्यांवरून नंतर कुणीतरी काढलेले असतात, आणि सजेची हद्द काढताना चुकलेली एक रेघ पुढं दहा ठिकाणी जशीच्या तशी उतरलेली मी पाहिली आहे.

आता खरी गंमत. ही वाक्यं ज्या शब्दांत लिहिली आहेत, ते शब्द स्थिर राहत नाहीत. तालुके फुटतात, सजांची पुनर्रचना होते, गावं शहरात जातात, वॉर्ड तर दर निवडणुकीला बदलतात. पुणे महापालिकेचंच बघा. २००२ ला तीन सदस्यांचे प्रभाग, २००७ ला एकेका नगरसेवकाचे वॉर्ड, २०१२ ला दोन सदस्यांचे प्रभाग, २०१७ ला चार सदस्यांचे. आदेशातले वॉर्ड क्रमांक मात्र २००१ च्या जनगणनेच्या वेळचे. त्यातला 'वॉर्ड क्रमांक अमुक' वाचून कुणी आजचा प्रभाग शोधायला निघाला तर भलत्याच पेठेत पोचेल. आदेशातले शब्द एका ठरावीक दिवशी जे होते तेच धरून वाचायचे असतात. तो दिवस विसरला की माहिती शिळी झालीच म्हणून समजा.

हे एका गावावरून दाखवतो. पुण्याच्या पूर्वेला फुरसुंगी. महसुली दृष्टीनं हवेली तालुका. विधानसभेला २०२ पुरंदर, लोकसभेला ३५ बारामती. पुरंदर मतदारसंघात अख्खा पुरंदर तालुका आणि हवेली तालुक्याचा काही भाग येतो, त्या भागात फुरसुंगी. २०१७ पर्यंत इथं ग्रामपंचायत होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये जी ११ गावं पुणे महापालिकेत घेतली त्यांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. मग २०२४ मध्ये ही दोन गावं महापालिकेतून काढून त्यांची वेगळी नगर परिषद केली.

म्हणजे सात वर्षांत गावाचा स्थानिक कारभार तीन प्रकारचा झाला. ग्रामपंचायत, मग महापालिका, मग नगर परिषद. पाणीपट्टी कुठं भरायची, कचऱ्याची गाडी कुणाची, बांधकामाची परवानगी कुणाकडे, सगळं बदललं. या सगळ्या काळात विधानसभा मतदारसंघ एक इंचही हलला नाही. २०१९ ला पुरंदर, २०२४ ला पुरंदर. पण मधल्या काळात अनेक जणांची (आमच्या तक्त्याचीही) समजूत अशी की गाव पुणे मनपात गेलं, तर आमदार पुण्यातला, म्हणजे हडपसरचाच असणार. कारण आम्ही 'पुणे मनपा' या रकान्यावरून मतदारसंघ ओळखायची एक सोपी पद्धत काढली होती. सोपी होती, म्हणूनच चुकली. स्थानिक संस्थेची हद्द आणि विधानसभेची हद्द या दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात. पहिली राज्य सरकारच्या अधिसूचनेनं हलते, दुसरी आयोगाच्या आदेशाशिवाय हलत नाही.

यातच आणखी एक गोंधळ मिसळतो. महापालिकेच्या किंवा नगर परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभा-लोकसभेच्या भारत निवडणूक आयोग. दोन स्वतंत्र संस्था. पण स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी मतदार यादी मुळापासून केली जात नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार फोडतात. त्यामुळं एकाच माणसाचं नाव एका यादीत अमुक भाग क्रमांकावर आणि दुसरीत तमुक प्रभागात दिसतं, आणि "माझं नाव दुसरीकडेच गेलं" म्हणून लोक हैराण होतात. नाव बहुतेकदा जागेवरच असतं.

मग आदेशातले शब्द जुने झाले तर ते कुणी सुधारायचेच नाहीत का? सुधारायचे, आणि त्याची सोय कायद्यात आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०, याचं कलम ९ आणि परिसीमन कायदा, २००२, याचं कलम ११, दोन्ही निवडणूक आयोगाला हेच काम सांगतात: आदेश अद्ययावत ठेवा. छपाईची चूक असेल, नजरचुकीनं काही राहून गेलं असेल, तर राजपत्रात अधिसूचना काढून दुरुस्त करता येतं. एखाद्या जिल्ह्याचं किंवा इतर प्रशासकीय विभागाचं नाव वा हद्द बदलली असेल, तर आदेशातला मजकूर त्यानुसार जुळवून घेता येतो. पण एक अट पक्की आहे. या निमित्तानं कोणत्याही मतदारसंघाची हद्द, क्षेत्र किंवा व्याप्ती बदलता येत नाही. शब्द बदला, जमीन नको. माझ्या मते या विषयात लक्षात ठेवावा असा हा एकच मुद्दा आहे, बाकीचं त्यातून आपोआप सुचत जातं.

पालघर घ्या. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा फोडून पालघर जिल्हा झाला. २००८ च्या रचनेत ठाणे जिल्ह्यात २४ मतदारसंघ होते. त्याआधी १३ होते, म्हणजे पुनर्रचनेत सर्वांत मोठी उडी ठाण्याचीच. त्या २४ पैकी १२८ डहाणू, १२९ विक्रमगड, १३० पालघर, १३१ बोईसर, १३२ नालासोपारा आणि १३३ वसई हे सहा नव्या जिल्ह्यात गेले. 'ठाणे जिल्हा: २४' हे वाक्य एका दिवसात १८ वर आलं. अडीच महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेचं मतदान झालं. या सहा मतदारसंघांत त्या दिवशी नेमकं काय बदललेलं होतं? वरचा जिल्ह्याचा मथळा. मतदारसंघांचे क्रमांक, हद्दी, मतदार, सगळं तेच. तरीही '२००९ मध्ये पालघर जिल्ह्यात अमुक पक्षाला इतक्या जागा' अशी वाक्यं सर्रास सापडतात. २००९ मध्ये पालघर जिल्हाच नव्हता. असं लिहायचंच असेल तर 'आजच्या पालघर जिल्ह्यातल्या सहा जागांवर' असं लिहावं, तीन शब्द जास्त लागतात.

क्रमांकांवर माझा एकेकाळी फार विश्वास होता. नावं फसवतात, आकडे नाहीत, असं वाटायचं. मग जुन्या याद्या हाताशी आल्या. आज विधानसभेचा १ क्रमांक अक्कलकुवा, नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुड्यातला. शेवटचा २८८ जत, सांगली जिल्ह्यातला. २००४ च्या निवडणुकीत मात्र १ क्रमांक सावंतवाडीचा होता, आणि आज सावंतवाडी २७० वर आहे. लोकसभेलाही तसंच. तेव्हा १ राजापूर, जो मतदारसंघच आता उरलेला नाही. आता १ नंदुरबार. जुनी मोजणी कोकणच्या दक्षिण टोकाकडून सुरू व्हायची, नवी खानदेशातून. म्हणजे 'महाराष्ट्र १' हे लेबल लावून २००४ आणि २००९ चे निकाल एकाखाली एक ठेवले, तर सावंतवाडीतून थेट अक्कलकुव्याला उडी. संगणकाला त्यात काही वावगं वाटत नाही, तो खुशाल आलेख काढून देतो.

म्हणून आता आमच्याकडे ओळख तीन तुकड्यांची असते: राज्य, आदेशाचं वर्ष, क्रमांक. 'महाराष्ट्र–२००८–२०२' म्हणजे पुरंदर, दुसरं काही नाही. नाव हे फक्त वाचणाऱ्याच्या सोयीसाठी.

नावावर भिस्त ठेवली तर काय होतं त्याचे नमुने भरपूर आहेत. जळगाव शहर आणि जळगाव ग्रामीण हे जळगाव जिल्ह्यात, पण जळगाव (जामोद) बुलढाणा जिल्ह्यात. कर्जत रायगडमध्ये आहे, आणि कर्जत-जामखेड नगरकडे. रोमन लिपीत तर आणखी बहार. आपलं तिवसा तिथं 'टी-ई-ओ-एस-ए' होतं, येवला कुठं 'वाय-ई-ओ-एल-ए' तर कुठं 'वाय-ई-व्ही-एल-ए'. देवळालीतला 'ळ' रोमनमध्ये 'ल' होतो, आणि तिथून कुणी परत देवनागरीत आणला की 'देवलाली' अवतरते. हे माणसाला दोन सेकंदांत कळतं, पण दोन तक्ते जोडणाऱ्या सूत्राला कळत नाही, आणि ते मतदारसंघ गुपचूप गळून पडतात. एकदा आमच्या तक्त्यात बेरीज २८५ येत होती. तीन मतदारसंघ शोधायला अख्खी दुपार गेली.

नाव तेच, जमीन वेगळी, हा प्रकार तर याहून फसवा. पुण्यातला शिवाजीनगर २००४ मध्येही होता आणि २००९ मध्येही. पण कोथरूडचा बराचसा भाग २००४ पर्यंत शिवाजीनगरमध्ये होता, तो २००८ च्या रचनेत वेगळा निघून २१० कोथरूड झाला. खडकवासला, वडगाव शेरी नव्यानं आले, भवानी पेठ गेला. पुणे जिल्ह्याच्या जागा १८ च्या २१ झाल्या. तेव्हा 'शिवाजीनगरमध्ये २००४ पेक्षा २००९ ला इतकी मतं कमी पडली' या वाक्याला अर्थच उरत नाही, मतदार तेच नाहीत. पर्वतीची गोष्ट आणखी वेगळी. जुन्या रचनेत पर्वती अनुसूचित जातींसाठी राखीव होता. नव्या रचनेत तो खुला झाला आणि पुणे कॅन्टोन्मेंट राखीव झाला. 'पर्वती' एवढं नाव बघून कुणी आरक्षणाचा रकाना मागच्या यादीतून उचलला की झाली चूक. राज्यभरात तेव्हा अनुसूचित जातींच्या राखीव जागा १८ वरून २९ आणि जमातींच्या २२ वरून २५ झाल्या, त्यामुळं अशा चुकीला वाव थोडाथोडका नव्हता.

माझ्या आईचं मतदार ओळखपत्र नव्वदच्या दशकातलं. मागच्या बाजूला मतदारसंघ छापलाय: शिवाजीनगर. ती गेली तीस वर्षं कोथरूडला त्याच घरात राहते आणि २००९ पासून कोथरूड मतदारसंघात मतदान करते. कार्ड चालतं, केंद्रावर कुणी हरकत घेत नाही, कारण कार्ड फक्त ओळख पटवतं. मतदारसंघ सांगायचं काम मतदार यादीचं. पण मागच्या निवडणुकीत तिनं शेजारच्या काकूंना कार्ड दाखवून ठणकावून सांगितलं, "आपण शिवाजीनगरात येतो." छापील गोष्टीचा आपल्याकडे असा दरारा.

आता एक बारकावा, जो मला स्वतःला फार उशिरा कळला. नवी रचना 'कधीपासून' लागू झाली, या प्रश्नाला एकच तारीख उत्तर म्हणून देता येत नाही. २००८ च्या फेब्रुवारीत नवे मतदारसंघ कायद्यानं अस्तित्वात आले. पण तेव्हा विधानसभेत बसलेले आमदार २००४ मध्ये जुन्या मतदारसंघांतून निवडून आलेले होते, आणि कायदा सांगतो की चालू सभागृहाच्या प्रतिनिधित्वाला नव्या रचनेचा धक्का लागत नाही. मधल्या काळात पोटनिवडणूक लागली तरी ती जुन्याच हद्दींवर व्हायची. मग एप्रिल २००९ मध्ये लोकसभेचं मतदान नव्या रचनेवर झालं. विधानसभेचं १३ ऑक्टोबर २००९ ला. म्हणजे २००९ च्या उन्हाळ्यात कोथरूडचा नागरिक खासदार निवडताना नव्या नकाशात होता आणि आमदाराच्या बाबतीत जुन्या. दोन नकाशे एकाच वेळी जिवंत. तक्त्यात 'पासून' हा एकच रकाना असेल तर हे त्यात मावत नाही. आदेशाची तारीख वेगळी आणि पहिल्या निवडणुकीची तारीख वेगळी, असे दोन रकाने करावे लागतात, लोकसभेसाठी आणि विधानसभेसाठी वेगवेगळे.

हद्दी तीस-तीस वर्षं टिकतात, माणसं टिकत नाहीत. कसबा पेठेत २०१९ ला मुक्ता टिळक निवडून आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. २६ फेब्रुवारी २०२३ ला पोटनिवडणूक, २ मार्चला निकाल, रवींद्र धंगेकर. नोव्हेंबर २०२४ मध्ये हेमंत रासने. पाच-सहा वर्षांत तीन आमदार. आमच्या पुस्तिकेत 'आमदार' असा एकच रकाना होता, नवं नाव आलं की जुनं पुसायचं. एका अभ्यासकानं विचारलं, "२०२१ मध्ये कसब्याचं आमदार कोण होतं?" आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते आम्हीच पुसलेलं होतं.

आणि जागा रिकामी असते तेव्हा? पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले. कायद्यानुसार रिक्त जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी, मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सूट. इथं ती झालीच नाही. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि पुण्याला खासदार मिळाला तो थेट जून २०२४ मध्ये. चौदा महिने. या काळात कित्येक ठिकाणी 'खासदार: गिरीश बापट' असंच दिसत राहिलं. तक्ता बनवणाऱ्यानं 'रिक्त' असा शब्द ठेवलेलाच नसतो, त्यामुळं कुणाला तो लिहायचं सुचत नाही.

पक्षाचा रकाना तर डोकेदुखीच. २०१९ ला शिवसेनेचे ५६ आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे ५४ आमदार निवडून आले. जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये दुसरा. पक्षाचं नाव आणि चिन्ह कुणाचं, यावर आयोगाचा निर्णय शिवसेनेबाबत १७ फेब्रुवारी २०२३ ला आला, राष्ट्रवादीबाबत ६ फेब्रुवारी २०२४ ला. मध्ये नोव्हेंबर २०२२ ची अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक. तिथं ऋतुजा लटके 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' या नावावर निवडून आल्या, आणि हे नाव तर त्याआधी महिनाभरापूर्वी अस्तित्वातच नव्हतं. अशा वेळी 'पक्ष' या रकान्यात काय लिहाल? आमच्याकडे यावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी ठरलं ते असं: निवडून येतानाचा, निकालपत्रावरचा पक्ष हा एक रकाना, त्याला नंतर कुणी हात लावायचा नाही. आजचा गट हा दुसरा रकाना, आणि त्यापुढं तारीख असल्याशिवाय तो भरायचा नाही. यात कोण खरा आणि कोण खोटा हे ठरवायचं काम तक्त्याचं नाही. हे पटलं नाही म्हणून आमचा एक मित्र अजून माझ्याशी तुटक बोलतो, ते असो.

सर्वांत भराभर बदलणारा थर म्हणजे मतदार यादी आणि मतदान केंद्रं. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला एक लाखाच्या वर मतदान केंद्रं होती. शाळा पाडून नवी बांधली, सोसायटीत मतदार वाढले, की केंद्र हलतं किंवा फुटतं, आणि त्याबरोबर यादीचा भाग क्रमांकही. २०२२ पासून नावनोंदणीच्या पात्रता तारखाही वर्षाला चार झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. या थरातली माहिती आपल्या पुस्तिकेत छापून ठेवायचा नादच सोडावा, असं माझं मत झालंय. ती आयोगाच्या संकेतस्थळावर ओळखपत्राचा क्रमांक टाकून त्या-त्या वेळी बघावी, नाहीतर आपल्या भागाच्या बीएलओंना (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना) विचारावी. घर बदलल्यावर तोच ओळखपत्र क्रमांक नव्या जागीही कायम राहतो, त्यामुळं नुसत्या क्रमांकाकडे बघून मतदारसंघ सांगता येत नाही. नव्या जागी मत द्यायचं तर आठ नंबरचा अर्ज भरून नाव नव्या यादीत न्यावं लागतं.

आता आमचा तक्ता कसा चालतो ते थोडक्यात. काहीही पुसायचं नाही. बदल झाला की जुन्या ओळीत 'पर्यंत'ची तारीख घालून ती बंद करायची आणि खाली नवी ओळ उघडायची. जिल्ह्याचं नाव, स्थानिक संस्था, मतदारसंघ आणि लोकप्रतिनिधी यांचे चार वेगळे तक्ते, म्हणजे एकाची धूळ दुसऱ्यावर बसत नाही. प्रत्येक बदलापुढं राजपत्र, निकालपत्र किंवा अधिसूचना यांपैकी कशावरून लिहिलं ते नोंदवायचं. 'बातमीत वाचलं' हे चालतं, पण पिवळ्या रंगात, पक्की नोंद मिळेपर्यंत. नावबदलाच्या बाबतीत तर हे फारच उपयोगी पडतं, कारण मंत्रिमंडळाचा ठराव, केंद्राची मंजुरी आणि अंतिम अधिसूचना यांत महिने जातात आणि बातमी मात्र तिन्ही वेळा 'नाव बदललं' अशीच येते.

आणि एक छोटी तपासणी, जी दर वेळी करतो. कायद्यानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघ अख्खाच्या अख्खा एकाच लोकसभा मतदारसंघात असावा लागतो. महाराष्ट्रात ४८ लोकसभा मतदारसंघ आणि प्रत्येकात बरोबर सहा विधानसभा, एकूण २८८. तक्त्यात कुठल्याही लोकसभेखाली पाच किंवा सात आले की काहीतरी बिघडलंय. इथं जिल्ह्याच्या भरवशावर राहू नये, लोकसभा मतदारसंघ जिल्ह्याची वेस मानत नाही. उस्मानाबाद लोकसभेत लातूर जिल्ह्यातला औसा आणि सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आहे, मावळमध्ये रायगडचे पनवेल, कर्जत, उरण आहेत, रावेरमध्ये बुलढाण्याचा मलकापूर. गोव्यात हीच तपासणी दोन लोकसभा आणि प्रत्येकी वीस विधानसभा अशी करावी लागते.

पुढची पुनर्रचना येईल तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा ढवळून निघेल. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीनं राज्याराज्यांतल्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवली, आणि आता ठरलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. देशभर हे एकदमच होतं असंही नाही. जम्मू-काश्मीरची नवी रचना २०२२ मध्ये झाली, आसामची २०२३ मध्ये. त्यामुळं 'भारत–२००८' असं सरसकट लेबल आजही चुकीचंच आहे, आदेशाचं वर्ष राज्यागणिक लिहावं लागतं.

आम्ही सध्या एक कंटाळवाणं काम करतोय. २०२४ च्या मतदार याद्यांची पहिली पानं, जिथं त्या भागात कोणकोणत्या वस्त्या, रस्ते आणि सोसायट्या येतात ते लिहिलेलं असतं, ती उतरवून ठेवतोय. नवी यादी चढली की जुनी सहजासहजी हाती लागत नाही. २००४ ची आम्ही ठेवली नव्हती, म्हणून कोथरूडचा नेमका कोणता रस्ता जुन्या शिवाजीनगरमध्ये होता हे शोधायला मला शेवटी आईचं ते कार्ड आणि शेजारच्या काकूंची आठवण यांवर जावं लागलं. काकूंच्या मते आमची गल्ली तेव्हाही वेगळीच होती. आईला ते मान्य नाही.